पहिल्या पुस्तकावर सोडू नकोस

अगं, सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही रोमँटिक फँटसी मालिका सुरू केलीस ना, मग आतल्या मराठीच्या बाई जरा गप्प बसव. २०१५चं पहिलं पुस्तक अर्ध्यापर्यंत रेंगाळतं. नायिका फेयरा वाड्यात फिरते, चित्रं काढते, बस. मी दोनदा सोडलं होतं. डोंगराखालच्या तीन परीक्षा येईपर्यंत दम धर. दुसरीत कोडं भिंतीवर लिहिलेलं, हिला धड वाचता येत नाही आणि वरून तापलेल्या खिळ्यांची जाळी खाली येतेय! माझा चहा गार झाला.

लिखाण? पुरुष ऊठसूट गुरगुरतात, तेच ते हावभाव पानोपानी. मी आता गुरगुरणं मोजते नि हसते. पाचशे वर्षं जगलेला परीलोकातला सरदार ऱ्हिसँड कॉलेजातल्या पोरासारखा भाव खातो, तेही चालवून घे.

खरी मजा २०१६च्या दुसऱ्या भागात. पहिल्यात गोड वाटलेल्या माणसाकडे हा भाग वेगळ्या नजरेनं बघायला लावतो. जास्त सांगत नाही. २०१८चं छोटं पुस्तक नुसतं चाळलंस तरी चालेल.

आणि हो, काही प्रसंग चांगलेच चावट आहेत. लोकलमध्ये फॉन्ट बारीक ठेव, शेजारच्या काकू डोकावतात.