फोन कोण उचलणार?

पोरा,

परवा गोडाऊनमध्ये टॉवेलच्या गठ्ठ्यावर दुबईत कंपनीचं खातं उघडायचे तीन फॉर्म पसरून बसलास आणि विचारलंस, काका मिनिमम बॅलन्स कुणाचं कमी आहे. चहा तिथंच कडू लागला मला. हाच प्रश्न मी पण विचारला होता, आणि उत्तर अगदी बरोबर मिळालं होतं, तिथंच फसलो.

दुबईसारखंच यूएईतलं रास अल खैमा, तिथं ऑफशोर कंपनी काढली, म्हणजे नुसती बाहेरच्या व्यवहारापुरती, एजंट म्हणाला खातं ८ दिवसात, झालं पण. मग दिवाळीच्या तोंडावर केनियातल्या मोंबासाच्या पार्टीचे ४१ हजार डॉलर अडकले. इनव्हॉइसवर टेरी टॉवेल, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजवाल्याच्या मालाच्या पावतीवर, कॉटन मेडअप्स, म्हणजे नुसत्या तयार सुती वस्तू. झालं! ६३०२६० या कस्टमच्या कोडमध्ये काय जातं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं शेंबडं पोर सांगेल, पण डॉलर न्यूयॉर्कच्या कॉरस्पॉन्डंट बँकेतनं, म्हणजे आपल्या बँकेचे डॉलर सांभाळणाऱ्या मधल्या बँकेतनं, फिरून येतो, तिथं कुणी शंका काढली की उत्तर आपल्या बँकेनं द्यायचं असतं. त्यात ऑफशोरला ना ऑफिस ना व्हिसा, संशय आधीच. माझ्या बँकेत उत्तर द्यायला माणूसच नव्हता. ११ दिवस हेल्पलाइनचं गाणं ऐकलं, इकडं डाईंगवाला दारात, कामगारांचा बोनस डोक्यावर, शेवटी तुझ्या काकूच्या बांगड्या गहाण ठेवल्या.

म्हणून सांगतोय, फी बघू नको, ॲप बघू नको, अडकल्यावर फोन कोण उचलणार ते बघ. खातं उघडायच्या आधीच फोन कर, नाव विचार, आफ्रिकेचं पेमेंट घेता का विचार, डॉलरसाठी कॉरस्पॉन्डंट कोण ते विचार. ततपप करायला लागला की फॉर्म फाड. आणि तो तिसरा फॉर्म बँकेचा नाहीच रे, पेमेंट कंपनीचा आहे! आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, मिळाला म्हणजे बँक होते का? नीट वाचत जा की जरा.

इकडचं सीए बघेल. पैसे एडी बँकेतनं (परकीय चलनाची परवानगी असलेली आपली बँक) ओडीआय म्हणजे परदेशातली गुंतवणूक म्हणून, युआयएन हा तिचा नंबर घेऊन, दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत एपीआर हा तिकडच्या कंपनीचा वार्षिक अहवाल, इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए हा परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता. लपतंय असं समजू नको, सीआरएस या देशादेशांतल्या माहितीच्या कराराखाली तिकडच्या खात्याची माहिती इकडं येते, आणि २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख आहे.

तुझे बाबा म्हणतात मी त्या एका प्रकरणानं भ्यालोय, दोन बँकांत बॅलन्स फुकट पाडून ठेवतो. ठेवतो, काय म्हणणं आहे? मॅनेजरची बदली झाली की नवीन माणसाचा नंबर घेतो, ईदला मेसेज करतो, आणि गेल्या गड्डा यात्रेच्या वेळी पेमेंट थांबलं ते दिवस मावळायच्या आत सुटलं. बॅलन्सचं व्याज गेलं तर गेलं, बांगड्या घरात आहेत.

उद्या ये. दुबईचे ९ म्हणजे आपले साडेदहा, माझ्यासमोर बसून तिन्हीकडं फोन लाव. स्पीकरवर ठेव.

काका