ऑक्टोबरात न्यूयॉर्क: ब्रॉडवेवरची नवी म्युझिकल्स कोणती बघावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या पंधरवड्यात लेकीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला येताय, सोबत वहिनी आणि आई. यंदा मार्चमध्ये मुंबईत 'फँटम ऑफ द ऑपेरा' पाहिलंत, तेव्हापासून ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या थिएटरांची, ओढ लागलीय. दोन म्युझिकल्स, म्हणजे तिकडची संगीत नाटकं, बघायची आहेत, शक्यतो नवी, पण जो तो 'लायन किंग', 'विकेड', 'हॅमिल्टन' हीच नावं सांगतो. आईंना नाट्यसंगीताचं वेड. इंग्रजी त्या व्यवस्थित वाचतात, पण अमेरिकन बोलणं भराभर कानावर आलं की निसटतं. आणि डॉलरचा भाव बघून तुमच्या पोटात गोळा येतोय.

तर आधी एक सांगतो, नव्याचा हट्ट सोडू नका. 'फँटम'चंच बघा ना. न्यूयॉर्कला ३५ वर्षं चालून एप्रिल २०२३ मध्ये उतरलं आणि दोन वर्षांत मुंबईत हजर. त्याआधी 'साउंड ऑफ म्युझिक' आलं, 'मामा मिया' आलं. मोठी नावं आज ना उद्या आपल्याकडे येतात. 'हॅमिल्टन'चं तर मूळ संचातलं चित्रीकरण २०२० पासून घरबसल्या बघता येतं. नव्या नाटकांना हे भाग्य नसतं. जून २०२५ मध्ये ब्रॉडवेचे वार्षिक टोनी पुरस्कार झाले आणि तो महिना संपायच्या आत 'स्मॅश', 'रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज' आणि 'डेड आउटलॉ' ही तिन्ही नवी म्युझिकल्स गुंडाळली गेली. तिन्ही एप्रिलमध्येच उघडली होती. 'डेड आउटलॉ'ला सात नामांकनं होती, हाती एकही पुरस्कार लागला नाही. जुलैमध्ये 'बूप' गेलं. आठवड्याला आठ प्रयोगांचा खर्च गल्ल्यातून निघत नसेल, तर पुरस्काराच्या आशेवर जूनपर्यंत कसंबसं ओढतात आणि मग पडदा. त्यामुळे माझा नियम सोपा आहे: जे पुन्हा कुठे बघायला मिळेल याची खात्री नाही, ते आधी बघायचं.

आता नवं म्हणजे काय, इथे जरा सावध राहा. ब्रॉडवेवर 'नवं म्युझिकल' म्हणून जे लागतं त्यातलं बरंचसं जुन्या सिनेमावरून केलेलं असतं, नाहीतर एखाद्या गायकाची गाजलेली गाणी एका कथेत ओवलेली असतात. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही एवढ्या लांबून येताय.

कुठल्याही सिनेमा-पुस्तकावर न बेतलेलं, कथा आणि गाणी दोन्ही कोरी, असं सध्या एकच ठसठशीत उदाहरण आहे: 'मेबी हॅपी एंडिंग', ४४व्या रस्त्यावरच्या बेलास्को थिएटरमध्ये. विल अ‍ॅरनसन आणि ह्यू पार्क या जोडीचं काम. मूळचं सोलचं, २०१६ मध्ये तिथे कोरियन भाषेत रंगमंचावर आलं. न्यूयॉर्कला नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडलं तेव्हा गल्ला इतका बेताचा होता की टिकतंय की नाही अशी कुजबुज होती. बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना, आणि जूनमध्ये सर्वोत्तम म्युझिकलसह सहा टोनी.

गोष्ट उद्याच्या सोलमधली. मालकांनी टाकून दिलेले दोन यंत्रमानव, ऑलिव्हर आणि क्लेअर, समोरासमोरच्या खोल्यांत राहतात. ऑलिव्हरकडे जॅझच्या तबकड्या आहेत आणि एक कुंडीतलं झाड, ज्याला तो मित्र मानतो. मालक न्यायला येईल म्हणून वाट बघत बसलाय. क्लेअरचा चार्जर बिघडलाय, म्हणून ती त्याचं दार ठोठावते. यापुढचं सांगत नाही. यंत्रांबद्दल नाटक आहे असं समजून आत जाता आणि म्हातारपणाबद्दल, मागे उरण्याबद्दल काहीतरी बघून बाहेर येता. रंगमंचाची करामत बघण्यासारखी आहे. संपूर्ण मंच आधी काळा, त्यात एक लहानसा उजळ चौकोन उघडतो, त्या चौकोनात एक खोली. मग तो मिटतो, दुसरीकडे दुसरा उघडतो. प्रेक्षकाने कुठे बघायचं ते नेपथ्यच ठरवतं. म्हणून इथे अगदी कडेची खुर्ची स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, मधल्या भागात वरची चालेल. पावणेदोन तासांचं सलग नाटक आहे, मध्यंतर नाही. आईंना तेवढं आधी सांगून ठेवा. पात्रं मोजकी, बोलणं शांत, त्यामुळे इंग्रजी निसटायची भीतीही कमी.

एक माहिती असावी म्हणून: ऑलिव्हर करणारा डॅरेन क्रिस, ज्याला यातच टोनी मिळाला, तो सप्टेंबर-ऑक्टोबरभर नाही, नोव्हेंबरात परततोय. त्याच्या जागी अँड्र्यू बार्थ फेल्डमन आहे. कोरियन पार्श्वभूमीच्या भूमिकेत गोरा नट का, म्हणून त्यावर बराच वाद झाला. वाद खोटा नाही, पण त्यापायी तिकीट टाळावं असं मला वाटत नाही. तसंही कुठल्याही प्रयोगाला कार्यक्रमपत्रिकेत 'आज अमक्याऐवजी तमका' अशी चिठ्ठी निघू शकते. नटाचं नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असेल आणि तो आला नाही, तरच साधारणपणे पैसे परत किंवा तिकीट बदलून मिळतं.

दुसरं तिकीट मी आईंसाठी निवडेन: 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब', ४५व्या रस्त्यावर शोनफेल्ड थिएटरमध्ये. १९९६ मध्ये हवानाच्या स्टुडिओत जुन्या क्युबन कलावंतांना पुन्हा एकत्र आणून एक अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि तो जगभर गाजला. काहींनी सत्तरी गाठलेली, कंपाय सेगुंदो तर नव्वदीकडे झुकलेले. नाटक त्या ध्वनिमुद्रणात आणि १९५० च्या दशकातल्या हवानात ये-जा करतं, मध्यभागी गायिका ओमारा पोर्तुओंदो. संवाद इंग्रजी, गाणी सगळी स्पॅनिश, आणि त्यांचा अनुवाद कुठेही दाखवत नाहीत. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकालाही निम्म्याहून जास्त शब्द कळत नसतील. म्हणजे या एका नाटकात आई आणि बाकीचे प्रेक्षक एकाच पातळीवर.

वादक मंचासमोरच्या खड्ड्यात लपवलेले नाहीत, मंचावरच आहेत. त्रेस नावाचं गिटारच्या कुळातलं एक क्युबन वाद्य आहे, त्याची फेक सुरू झाली की पात्रंसुद्धा थांबून ऐकतात. मग तुतारीसारखा चढा ट्रम्पेट, बासरी, कोंगा. एकेकजण आपली जागा घेतो, लोक मध्येच टाळ्या देतात, आणि वादक त्या टाळीवर आणखी एक तान टाकतो. टोनीवाल्यांनी या वादकवृंदाला वेगळा विशेष पुरस्कार दिला तो उगाच नाही. कथेची वीण मात्र सैल आहे, दोन काळांतली पात्रं जुळवताना पहिली वीस मिनिटं गोंधळ होतो. संगीतासाठी जाणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. फक्त आईंना कल्पना द्या की कितीही रंगलं तरी 'वन्स मोअर' द्यायची इथे रीत नाही.

आता जी मी तुमच्या यादीत घालत नाही ती. 'ऑपरेशन मिन्समीट' मला स्वतःला फार आवडतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी एका प्रेताच्या खिशात खोटी कागदपत्रं ठेवून ते स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडलं आणि जर्मनांना चकवलं, त्या खऱ्या प्रकरणावर पाच जणांनी केलेला धुमाकूळ. बायका पुरुष होतात, पुरुष बायका. त्यात जॅक मॅलोन हा नट हेस्टर नावाच्या पोक्त सेक्रेटरीचं काम करतो. ती त्या प्रेताच्या खिशात ठेवायला प्रेयसीचं खोटं पत्र सांगू लागते आणि सांगता सांगता ते खोटं राहत नाही. कसलाही नखरा नाही, नुसतं बसून गाणं. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तर ते बघायलाच हवं, आणि त्याला टोनीही मिळालाय. पण शब्द इतके भरधाव आणि विनोद इतके ब्रिटिश, की आईंचं डोकं दुखेल. तुम्ही आणि वहिनी दोघंच जाणार असाल तर जरूर.

'डेथ बिकम्स हर' १९९२ च्या सिनेमावरून, दोन मैत्रिणींची चिरतारुण्यासाठीची भांडाभांडी. पोशाख डोळे दिपवणारे, हसू येतं, संपल्यावर फारसं काही उरत नाही. 'जस्ट इन टाइम' जुना अमेरिकन गायक बॉबी डॅरिन याच्या गाण्यांवर आहे, जोनाथन ग्रॉफ झकास करतो, पण ज्यांनी बॉबी डॅरिन कधी ऐकलाच नाही त्यांनी एवढे पैसे का मोजावेत? 'क्वीन ऑफ व्हर्साय' ऑक्टोबरच्या ८ तारखेपासून प्रिव्ह्यूमध्ये येतंय. प्रिव्ह्यू म्हणजे अधिकृत उद्घाटनाआधीचे प्रयोग, दिवसा तालमीत बदल करायचे आणि रात्री प्रेक्षकांसमोर तपासायचे. मला असे प्रयोग बघायला मजा येते. पण दोनच नाटकं बघायची असताना हा जुगार खेळू नका. 'रॅगटाइम' लिंकन सेंटरला लागतंय, ते १९९८ चं, म्हणजे नवं नाहीच. तिसरं काही बघायचा विचार आलाच तर मात्र तेच.

तिकिटांचं. २०२४-२५ च्या सीझनला सरासरी तिकीट सव्वाशे डॉलरच्या वर गेलं, म्हणजे तिघांची दोन नाटकं साडेसातशे. यात कपात होऊ शकते. गूगलवर नाटकाचं नाव टाकलं की वरती येणारी संकेतस्थळं बहुधा पुनर्विक्रेत्यांची असतात, दिसायला अगदी थिएटरसारखी, भाव दीडपट. नाटकाच्या स्वतःच्या साइटवरूनच खिडकीच्या दुव्यावर जा. लेकीला एखाद्या दिवशी शहरात काम असेल तर तिला थेट थिएटरच्या खिडकीवर पाठवा, ऑनलाइनचा वरचा आकार वाचतो.

टाइम्स स्क्वेअरला ४७व्या रस्त्यावर लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे, १९७३ पासून चालू. त्या दिवशीची उरलेली तिकिटं तिथे निम्म्यापर्यंत सवलतीत मिळतात. काय उपलब्ध आहे ते त्यांच्या ॲपवर आधी दिसतं, मगच निघा. लिंकन सेंटरजवळ त्यांची दुसरी खिडकी आहे, तिथे रांग लहान असते. पण माझं मत असं की 'मेबी हॅपी एंडिंग'ची तिकिटं आत्ताच घेऊन टाका आणि 'बुएना व्हिस्टा' या खिडकीच्या भरवशावर ठेवा, नाही मिळालं तर पूर्ण भावात घ्यायची तयारी ठेवून. लॉटरीची आणि त्याच दिवशी सकाळी निघणारी 'रश' तिकिटं स्वस्त असतात, पण एका वेळी बहुधा दोनच मिळतात आणि जागा शेजारी असेलच असं नाही. तिघांना ती कामाची नाहीत.

आईंसाठी 'गालाप्रो' नावाचं ॲप फोनवर घ्या, फुकट आहे. थिएटरच्या वायफायला जोडलं की इंग्रजी संवाद आणि गाणी अक्षरशः ओळीमागून ओळ दिसतात, काळ्या पडद्यावर मंद अक्षरात, म्हणजे शेजाऱ्याला त्रास नाही. ही दोन्ही नाटकं उघडून बरेच महिने झालेत, तेव्हा त्यात असायला हरकत नाही. अगदी नव्याने लागलेल्या नाटकांना ही सोय सुरुवातीचे काही आठवडे नसते.

दिवस निवडताना घड्याळ बघा. इथे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. पोचल्यापासून पहिले तीन-चार दिवस रात्रीचं नाटक घेतलंत तर शंभर डॉलरच्या खुर्चीत झोपाल. बुधवारी आणि शनिवारी दुपारी बहुतेकांचे प्रयोग असतात, सोमवारी बहुतेक थिएटरं बंद. बुधवारी दुपारचं केलंत तर सुटल्यावर लगेच पेन स्टेशनला जाऊ नका. पाच ते सातमध्ये एडिसनच्या गाडीला दादरची आठवण येईल. शहरात जेवा आणि आठची गाडी धरा.

राहिल्या खुर्च्या. ही थिएटरं जुनी आहेत, बेलास्को तर १९०७ चं. वर जायला बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही, पाय ठेवायला जागा कमी, आणि स्वच्छतागृहाची रांग मध्यंतरभर पुरते. जिने चढता येत असतील तर मेझनीनची पुढची रांग, म्हणजे पहिल्या मजल्यावरची, खालच्या मागच्या रांगांपेक्षा केव्हाही बरी. नसतील तर खालीच, म्हणजे तळमजल्यावर, ज्याला इथे ऑर्केस्ट्रा म्हणतात, मार्गिकेला लागून. आईंचे गुडघे कसे आहेत आणि तुमच्या तारखा नक्की कोणत्या, ते कळवा, म्हणजे रांगेसकट सांगतो.