घूं करते पण फिरत नाही: पावसाळ्यानंतर अडलेली मोटार

आपण लिहिले आहे की खानापूरकडील घराच्या विहिरीवरची अर्ध्या एचपीची मोटार मृगापासून बंद होती, दसऱ्याच्या आदल्या दिवशी बटण दाबल्यावर ती नुसती घूं करत राहिली आणि मेकॅनिकने न उघडताच वायंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळाल्याचे सांगितले. मला हे निदान घाईचे वाटते. आपल्या भागातील पावसात चार महिने पडून राहिलेल्या पंपाचे पितळी इंपेलर (पाणी ढकलणारे चक्र) आणि बिडाचे अंग यांच्यामधल्या कागदाएवढ्या फटीत गंज धरतो आणि मोटार अडते, जळालेली नसते.

आधी मेन स्विच बंद करून पिन काढा. मोटारीच्या मागच्या पंख्याच्या झाकणातून दांड्याचे टोक दिसते आणि त्यावर बहुधा स्क्रू-ड्रायव्हरसाठी खाच असते. दांडा दोन्ही बाजूंना थोडा थोडा हलवून पाहा. तो हलतच नसेल तर जोर करू नका. पंपाच्या पुढचे बोल्ट सोडून झाकण काढा, गंजावर रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर राहू द्या आणि सकाळी बारीक पॉलिश पेपरने दोन्ही तोंडे साफ करा. इंपेलरवर हातोडी मात्र चालवू नका. पितळ वाकले की फट बिघडते आणि मोटार फिरूनही पाणी चढत नाही.

दांडा सहज फिरत असेल तर संशय कंडेन्सरवर (कपॅसिटरवर) जातो. सिंगल फेज मोटार स्वतःहून सुरू होण्यासाठी त्याच्यावरच अवलंबून असते. मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टचा, साधारणतः ४४० व्होल्टचा, नवा घ्या. जुन्या कंडेन्सरच्या वायरी काढण्यापूर्वी त्याच्या दोन टोकांना होल्डरमधला साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब क्षणभर लावा, कारण करंट काढल्यावरही त्यात विजेचा भार शिल्लक असू शकतो. वायरी उलटसुलट लागल्या तरी चालते.

संध्याकाळी उसाच्या पंपांमुळे विजेचा दाब (व्होल्टेज) उतरत असेल तर मोटार पहाटे चालू करून पाहा. २३० व्होल्टचा दाब १८० वर आला तर सुरुवातीचा जोर सुमारे ६० टक्केच उरतो आणि अर्धवट अडलेला पंप हलत नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे. "आता पकडेल" या आशेने मी बटण मिनिटभर दाबून धरले आणि वार्निशचा करपट वास आला. अडलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून तीन-चार सेकंदांत फिरली नाही तर बंदच करा. दांडा मोकळा, कंडेन्सर नवा, दाब पुरेसा आणि तरी घूंच, असे झाले तरच ती वायंडिंगवाल्याकडे न्या. बेळगावच्या उद्यमबाग भागात असे काम करणारी दुकाने सापडतील.

पंप पुन्हा जोडल्यावर आत पाणी भरूनच चालू करा, कोरडा फिरवल्यास सील (दांड्याजवळ पाणी अडवणारा भाग) पहिल्या दिवशीच जाऊ शकते.