चेहरा मधेच बदलला तर प्रॉम्प्ट लांबवत बसू नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी एआय टूलवर एकाच मुलीची चित्रं करताय, पहिली काही पानं मनासारखी झाली, आणि मग अचानक तोच प्रॉम्प्ट (चित्र कसं हवं ते सांगणारा मजकूर) आणि तोच सीड नंबर टाकूनही मुलगी कुणीतरी दुसरीच यायला लागली. सपोर्टवाले म्हणतात प्रॉम्प्ट अजून सविस्तर लिहा, आणि वर दोघातिघांनी तोच सल्ला दिलाय. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. तुमचा प्रॉम्प्ट चांगला आहे, चित्रांवरून दिसतंच आहे, त्यामुळे ते सगळं सोडून थेट मुद्द्यावर येते.

सीडमधे चेहरा साठवलेला नसतो. ही चित्र काढणारी मॉडेल्स आधी नुसता रँडम नॉइज (विस्कटलेले ठिपके) घेतात आणि तो साफ करत करत चित्र काढतात, तर तो सुरुवातीचा नॉइज कुठला घ्यायचा याचा नंबर म्हणजे सीड, बस. मॉडेल, साइज, सॅम्पलर (नॉइज साफ करायची पद्धत), स्टेप्स (ते किती टप्प्यांत करायचं), प्रॉम्प्ट सगळं तसंच्या तसं असेल तर त्या नंबरावर तेच चित्र परत येतं, यातलं एक जरी हललं तरी चित्र हलतं, आणि मॉडेलच बदललं तर त्या नंबराला काही अर्थ उरत नाही. ऑनलाइन टूलमधे मॉडेल असतं त्यांच्या सर्व्हरवर. ते कधी बदलायचं हे ते ठरवतात. शिवाय काही टूल्स तुमचा प्रॉम्प्ट आतल्या आत दुसऱ्या मॉडेलकडून फुलवून घेतात. ओपनएआयचं डाल-ई ३ हे चित्रांचं मॉडेल एपीआयमधून (म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडून) वापरलं तर तो बदललेला प्रॉम्प्ट उत्तरासोबत मिळायचा, बाकी बऱ्याच ठिकाणी तो बघायलाही मिळत नाही. म्हणजे तुम्ही शब्द तेच टाकले तरी मॉडेलपर्यंत तेच पोचले याची खात्री नाही.

माझ्याबाबतीत अगदी हेच झालं होतं. टूलचं नाव घेत नाही, पैसे भरून वापरत होते एवढंच सांगते. पुस्तक अर्ध्याच्या पुढे गेलेलं, आणि एका सकाळी मुलीचं नाक, हनुवटी, रंगांची पोत सगळंच वेगळं. मी सपोर्टला एकच प्रश्न विचारला, काल कुठलं व्हर्जन चालू होतं आणि मला ते परत निवडता येईल का. उत्तर आलं, प्रॉम्प्टमधे जास्त तपशील द्या. मी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवून सगळ्या सेटिंगसकट पाठवलं, तर म्हणे ब्राउझरची कॅश साफ करून बघा. कॅशचा आणि चेहऱ्याचा काय संबंध? मग दुसऱ्याच कुणीतरी नव्याने सगळं विचारलं, मी परत सगळं लिहिलं, त्यावर नवं मॉडेल जास्त चांगले रिझल्ट देतं असं कळवून तिकीट बंद. होय की नाही एवढंच हवं होतं हो मला! शेवटी त्यांच्याच साइटवर बदलांच्या नोंदींचं एक पान असतं, त्यात एका ओळीत सापडलं की जुनं व्हर्जन काढून टाकलंय. ती ओळ पहिल्याच मेलमधे मिळाली असती तर मी प्रॉम्प्टशी झटापट करत बसले नसते. सगळी पानं नव्याने करावी लागली, आणि पैशांपेक्षा ते उत्तराची वाट बघण्यात गेलेले दिवस मला अजून सलतात.

म्हणून आधी ते बदलांच्या नोंदींचं पान शोधा आणि व्हर्जन बदललंय का ते बघा. टूलमधे जुनं व्हर्जन निवडायची सोय असेल (मिडजर्नीसारख्या काही ठिकाणी असते) तर निवडा आणि उरलेली पानं शक्य तितक्या लवकर उरका, कारण ती सोय कायम राहीलच असं नाही. सोय नसेल तर सपोर्टच्या मागे लागू नका. आहेत त्या चांगल्या चित्रांवरून पुढे जायचं बघा, रेफरन्स इमेज (नमुना म्हणून दाखवायचं चित्र) देता येत असेल तर समोरून, बाजूने, पूर्ण उभी अशी दोन-तीन द्या.

पण खरं सांगू का, पुस्तकासारखं लांबचं काम असेल तर माझ्या मते मॉडेलची फाइल स्वतःच्या मशीनवर असलेली बरी. स्टेबल डिफ्यूजन १.५ किंवा एसडीएक्सएल हे उतरवून घेता येणारं मॉडेल घ्या, कम्फीयूआय या प्रोग्रॅममधे चालवा, आणि त्या मुलीच्या वीस-पंचवीस चांगल्या चित्रांवर लोरा (मूळ मॉडेलला जोडायची, ती मुलगी शिकलेली छोटी फाइल) ट्रेन करा. चित्रं एकाच पोझची नकोत, नाहीतर लोरा चेहऱ्याबरोबर ती पोझही शिकतो. लोरा ज्या बेस म्हणजे मूळ मॉडेलवर ट्रेन केला त्यालाच चालतो, १.५ चा एसडीएक्सएलला लावता येत नाही, त्यामुळे बेस आधी ठरवा. चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं हे मान्य, सगळ्यांना जमेल असं नाही. आणि १.५ हे ५१२ पिक्सेलवर शिकलेलं आहे, एसडीएक्सएल १०२४ वर, त्यामुळे एकदम मोठा कॅनव्हास मागितला की दोन डोकी, लांबलेलं धड असले प्रकार होतात. मूळ साइजला चित्र काढा, मग वाढवा.

तुम्ही अजून एक लिहिलंय की चॅटमधे "फक्त फ्रॉकचा रंग बदल" सांगितलं तरी चेहरा थोडा थोडा सरकतो. बरोबर आहे, कारण तिथे बहुतेक वेळा पूर्ण चित्र नव्याने तयार होतं, आणि बदललेल्यावर परत बदल, त्यावर परत बदल असं केलं की फरक साचत जातो. दर वेळी मूळ चित्रापासून सुरुवात करा आणि सगळे बदल एकदम सांगा. त्याहून चांगलं म्हणजे मूळ आणि बदललेलं चित्र गिंप या फोटो एडिटरमधे एकावर एक ठेवून मास्क लावायचा (नको तो भाग झाकायचा) आणि फक्त फ्रॉक घ्यायचा, चेहरा मूळचाच ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे. व्हिडिओचा मला फार अनुभव नाही, पण एका क्लिपची शेवटची फ्रेम पुढच्या क्लिपला सुरुवात म्हणून देत गेलं की तिथेही असंच घसरत जातं एवढं बघितलंय.

पानावरचा मजकूर कृपया एआयकडून लिहून घेऊ नका. देवनागरीतली जोडाक्षरं आणि मात्रा अजूनही बिघडू शकतात, आणि लहान मुलांच्या पुस्तकात चुकीचं अक्षर छापणं मला तरी फार वाईट वाटतं. चित्रात मोकळी जागा सोडायला सांगा आणि इंकस्केप या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममधे मुक्त, बालू असा एखादा युनिकोड फॉन्ट वापरून मजकूर टाका. अडोबीचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर ही मजकूर मांडायची सेटिंग निवडा, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते. छापायचंय म्हणून हेही सांगते, १०२४ पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साडेतीन इंचसुद्धा भरत नाही, पूर्ण ए४ पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. अपस्केलर (चित्र मोठं करणारं टूल) वापरा पण वाढवल्यावर डोळे आणि ओठ मूळ चित्राशी ताडून बघा, काही अपस्केलर तपशील स्वतःच्या मनाने भरतात. स्क्रीनवरचे झगझगीत निळे-हिरवे छपाईत मंद होतात, तेव्हा एक पान आधी छापून बघाच.

हे सगळं माझ्या कामापुरतं, तुमच्या टूलमधे एखादी गोष्ट वेगळी असू शकते. हक्कांबद्दल विचारलंय तुम्ही, पण त्यावर मी बोलणार नाही, मी वकील नाही आणि प्रत्येक देशात नियम वेगळे आहेत. टूलच्या अटी मात्र आजच सेव्ह करून ठेवा, त्याही बदलतात.

आता मला एवढं सांगा, पहिल्या पानांच्या मूळ पीएनजी फाइली आहेत का तुमच्याकडे? व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या नकोत, त्या दाबून लहान झालेल्या असतात आणि फाइलमधली माहितीही जाते. मूळ असतील तर त्यांच्या दोन कॉप्या वेगवेगळ्या जागी ठेवा आणि किती आहेत, किती वेगवेगळ्या पोझ आहेत ते इथे लिहा, लोरा ट्रेन करण्याइतक्या आहेत का ते आपण बघू.