उंचीची भीती वाटत असेल तर डोंगरातलं काम करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, पुण्यात आयटीत नोकरी, शनिवार-रविवार आला की ट्रेकची ओढ, पण कड्याच्या काठाशी गेलं की पोटात गोळा येतो. अशा माणसाने प्रस्तरारोहण शिकून ट्रेक लीडर किंवा प्रशिक्षक व्हायचं मनात आणावं का, आणि त्याआधी ही भीती कशी घालवावी?

पहिल्या भागाचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर, ती घालवण्याच्या मागे लागू नका. मी ठाण्यात वाढले, बँकेतली नोकरी सांभाळत मुंब्र्याच्या कातळावर क्लाइंबिंग शिकले आणि आता हेच माझं पूर्णवेळ काम आहे. रायगडाजवळच्या लिंगाणा सुळक्यावर पहिल्या रोपला हात घालताना आजही माझ्या तळव्यांना घाम सुटतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांतही ज्यांना अजिबात भीती वाटत नाही असं म्हणणारा कुणी असला, तर त्याच्या हातात बिले, म्हणजे चढणाऱ्याला सांभाळणारा दोर, द्यायला मी जरा कचरते.

मला जे उमगलं ते इतकंच, की भीती दोन गोष्टी एकदम बोलते. एक, ‘इकडे लक्ष दे’. हे बहुतेक वेळा बरोबर असतं. दुसरी, ‘आता असं कर’. हे कातळावर बहुतेक वेळा चूक असतं. पहिलं ऐकायचं आणि दुसरं ऐकायचं नाही, एवढं शरीराला शिकवता आलं की काम होतं. आणि ते शिकवता येतं.

कसं ते सांगते. नवीन माणसाला तिरप्या कातळावर चढवलं की पहिल्या पंधरा-वीस फुटांतच तो खडकाला मिठी मारतो. छाती, पोट, गुडघे सगळं चिकटलेलं. जितकं जवळ तितकं सुरक्षित असं त्याला वाटत असतं, पण होतं उलटंच. अंग कातळावर रेललं की पायांवरचा दाब कमी होतो आणि बूट सुटायला लागतो. मग सगळा भार हातांवर येतो, बोटं गरजेपेक्षा जास्त आवळली जातात, मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो आणि शेवटी खरंच धरवत नाही. त्यात टाच वर उचललेली असते, म्हणून पोटरी थकते आणि पाय लटलट कापायला लागतो. खालून लोक ओरडतात, ‘घाबरू नको!’ त्याचा काडीचाही उपयोग नसतो. उपयोग होतो तो ‘कंबर बाहेर काढ, टाच खाली दाब, श्वास सोड’ असं सांगण्याचा. टाच खाली गेली की पाय कापायचा थांबतो. मनातली भीती तेवढीच असते, पण पाय थांबलेला असतो आणि पुढचा होल्ड, म्हणजे धरायची पुढची जागा, दिसायला लागतो.

रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, हे आणखी ठळक दिसतं. काठावर पाठ दरीकडे करून मागे झुकायचं, पाय फाकलेले, तळवे कातळावर सपाट, अंग कातळाशी जवळजवळ काटकोनात. भीती सांगते, सरळ उभा राहा, कातळाजवळ राहा. तसं केलं की पाय घसरतात आणि माणूस तोंडावर कातळावर आपटतो. म्हणून सुरुवातीची दोन-तीन पावलंच अवघड. एकदा का वजन पूर्ण दोरावर आलं की बरेच जण खाली पोचेपर्यंत हसायला लागलेले असतात.

एक प्रसंग लिहिते. आमच्या बॅचमध्ये एक निवृत्त शिक्षक होते. चढले व्यवस्थित, पण उतरताना काठावर थिजले. उजव्या हातात दोर आणि डाव्या हाताने अँकरची (दोर कातळाला अडकवलेल्या जागेची) स्लिंग, म्हणजे पट्टा, अशी पकडलेली, की बोटं पांढरी पडली होती. मी त्यांना म्हटलं, ‘काका, खाली बघू नका असं मी सांगणार नाही. फक्त मी हात लावेन ती वस्तू मोठ्याने सांगा.’ ते सांगत गेले. हार्नेसचं (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचं) बकल, पट्टा उलटून परत ओवलेलं. कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), स्क्रू बंद. डिसेंडर (उतरताना दोराचा वेग रोखणारं साधन), दोर बरोबर ओवलेला. प्रुसिक (हात सुटला तरी दोर आवळून धरणारी गाठ), बसलेली. अँकर, दोन बोल्ट, दोन्हींवर भार. शेवटपर्यंत आले तेव्हा डावा हात आपसूक सुटला होता. ‘भीती वाटतेय,’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘वाटू दे. निघायचं?’ आणि ते निघाले.

मी मुद्दाम वस्तूंना हात लावते, कारण भीती नेहमी दरीकडे बघायला लावते आणि धोका बहुतेक वेळा दरीत नसतो. कॅराबिनरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात, ते कधी तरी नीट वाचा. लांबीच्या दिशेने 22 किलोन्यूटन किंवा त्याच्या आसपास, म्हणजे साधारण 2200 किलो वजनाचा ताण तो सोसतो. तोच आडवा फिरला किंवा त्याचं गेट, म्हणजे उघडणारी बाजू, उघडं राहिलं, तर आकडा 7-8 च्या घरात येतो. दरी शंभर फुटांची असो की हजार, हा स्क्रू फिरवलाय की नाही यावर सगळं आहे. तुमची भीती त्या स्क्रूवर आणून ठेवा. तिथे ती खूप कामाची आहे.

याच्या उलटही खरं आहे. सह्याद्रीत जिथे भीती वाटायला हवी तिथे लोकांना ती वाटतच नाही. कड्याच्या टोकाला कापणारा माणूस पावसाळ्यात फुगलेल्या ओढ्यात बिनधास्त पाय घालतो, धबधब्याखालच्या शेवाळलेल्या दगडावर उभा राहून फोटो काढतो, एप्रिलच्या उन्हात एक लिटर पाणी घेऊन निघतो. आग्यामोहोळाखाली आरडाओरडा करतो आणि अंगाला अत्तर फासून आलेला असतो. आपला कातळ बेसॉल्टचा, थरांवर थर रचलेला, आणि पावसाळा संपला की त्यातले किती दगड सुटे झालेत ते हात लावून ठोकल्याशिवाय कळत नाही. हे सगळं ज्याला माहीत आहे त्याची भीती योग्य जागी बसलेली असते. तुम्हाला काठावर भीती वाटते, ती इथेही वाटायला शिकवा. चांगला लीडर त्यातूनच घडतो.

मला या बाबतीत बचेंद्री पाल यांची गोष्ट फार जवळची वाटते. 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोचलेली पहिली भारतीय महिला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तरकाशीजवळच्या नाकुरी गावची ही मुलगी, शिकलेली, पण मनासारखी नोकरी मिळत नव्हती; मग ती उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत दाखल झाली आणि तिथून तिचा रस्ता बदलला. शिखराच्या आठवडाभर आधी ल्होत्सेच्या बर्फाळ उतारावरच्या तळावर रात्री बर्फाचा कडा कोसळला. तंबू गाडला गेला, तिच्या डोक्याच्या मागे मार बसला, तळावरचे कित्येक जण जखमी होऊन खाली परतले. मोहिमेचे नेते कर्नल खुल्लर यांनी तिला विचारलं, घाबरली होतीस का? ती हो म्हणाली. परत जायचंय का? नाही म्हणाली. या दोन उत्तरांमध्ये तिला काही विसंगती वाटली नाही, आणि मला तिचं मोठेपण त्यात दिसतं. पुढे टाटा स्टीलच्या साहस विभागात वर्षानुवर्षं काम करत तिने इतर किती तरी मुलींना डोंगरावर नेलं. आवडीचं काम आणि पोटापाण्याचं काम एकच झालं ते असं.

आता कामाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात तीही भीती आहे, फक्त तुम्ही तिचं नाव घेतलं नाहीत. पगार बंद झाला तर?

ट्रेक लीडरचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. शुक्रवारी रात्री बस सुटते, पहाटे पायथ्याच्या गावात चहा-पोहे, मग दिवसभर तीस-चाळीस माणसं. त्यातल्या कुणाला बीपी आहे, कुणी रात्रभर झोपलेलं नाही, कुणाचा बूट तळापासून उघडलाय. सगळ्यात शेवटी चालायचं, सगळ्यात शेवटी जेवायचं. गावातल्या मावशींना आधीच फोन करून किती भाकऱ्या लागतील ते सांगायचं, पैसे वेळेवर द्यायचे. सोमवारी दोर धुवून सावलीत वाळवायचे आणि इंचन् इंच बोटांखालून तपासायचे. हे ज्याला कंटाळवाणं वाटेल त्याने छंद म्हणूनच ट्रेक करावेत, त्यात कमीपणा काहीच नाही. मला मात्र दोर तपासण्यातही समाधान मिळतं, आणि तेव्हाच मला कळलं की हे काम माझं आहे.

पैसा हंगामी येतो. जून ते सप्टेंबर पावसाळी ट्रेकची गर्दी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी क्लाइंबिंगचे दिवस, मार्चनंतर सह्याद्री तापतो. मग मुलांची शिबिरं किंवा हिमालय. मधले महिने कोरडे जाऊ शकतात. म्हणून नोकरीचा राजीनामा आज देऊ नका. माझ्या मते निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय आणि एक अख्खा हंगाम नोकरी सांभाळून सहायक म्हणून काम केल्याशिवाय तो देऊच नये. घरावर कर्ज असेल तर आणखी थांबा. पैशाची ओढाताण असलेला लीडर वाईट हवामानातही बॅच रद्द करत नाही, हे मी जवळून पाहिलंय, आणि ते उंचीच्या भीतीपेक्षा कितीतरी घातक आहे.

घरच्यांचंही सांगते. आई माझ्या प्रत्येक मोहिमेआधी दोन दिवस अबोला धरायची. मी तिला एकदा मुंब्र्याला नेलं. हार्नेस घातला, बिलेचा दोर तिच्या हातात दिला, मागे आमचे सर बॅकअपला उभे राहिले, आणि मी थोडं चढून मुद्दाम हात सोडले. माझं वजन तिने एका हाताने पेललं. त्या दिवसापासून ती ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही. ‘बिलेला कोण आहे?’ असं विचारते. काळजी तेवढीच आहे, पण प्रश्न नेमका झालाय, आणि त्याचं उत्तर मला देता येतं.

तुम्ही पुण्यात आहात, म्हणजे जागा उत्तम. गिरिप्रेमीसारखी जुनी संस्था तिथेच आहे, कृत्रिम भिंतीवर सराव करता येतो आणि लोणावळा, तैलबैला हाताशी आहेत. पावसाळा ओसरल्यावर दोन-तीन दिवसांच्या प्राथमिक प्रस्तरारोहण शिबिराला जा. प्रवेश घेण्याआधी विचारा की एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, साहित्य किती जुनं आहे, प्रशिक्षकांनी कोणते कोर्स केलेत, आणि राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी आहे का. उत्तरं टाळणाऱ्यांकडे जाऊ नका. त्यानंतरही ओढ टिकली तर उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा. तो जवळजवळ महिनाभर चालतो, त्यामुळे रजेची सोय आधी बघा, आणि नाव लवकर नोंदवा, कारण जागा फार आधी भरतात. तिथे ‘ए’ ग्रेड मिळाली की ॲडव्हान्स कोर्सचा रस्ता उघडतो, आणि प्रशिक्षक व्हायचं असेल तर त्यापुढचा प्रशिक्षणपद्धतीचा कोर्सही करता येतो.

शिबिरात पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगा, ‘मला उंचीची भीती वाटते.’ लपवू नका. सांगितलंत तर ते तुम्हाला छोट्या कातळावर जास्त वेळ देतील, आणि चढण्याइतकंच बिले धरायलाही शिकवतील. बिले मन लावून शिका. दुसऱ्याचा जीव ज्या दोराने तुमच्या हातात येतो तो नीट धरता आला, की आपल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसावर विसंबणंही हळूहळू जमायला लागतं.