मुंबईतले फादर-सिस्टरांचे वेगवेगळे कॅथलिक संघ एकमेकांशी संपर्क ठेवतात का?

ठेवतात, पण सगळ्यांचा साहेब एक नाही. झेवियर्स कॉलेज (१८६९) येशूसंघीयांचं, म्हणजे जेसुइटांचं, माटुंग्याचं डॉन बॉस्को सलेशियनांचं, सोफिया कॉलेज सेक्रेड हार्टच्या सिस्टरांचं. प्रत्येकाचा प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख, वेगळा, नियम वेगळे आणि मुख्य म्हणजे तिजोरीही वेगळी.

या संघांच्या प्रमुखांना देशपातळीवर एकत्र बसवते ती कॉन्फरन्स ऑफ रिलिजियस इंडिया, म्हणजे सीआरआय. ठिकठिकाणी तिची स्थानिक युनिटं असतात. ती हुकूम सोडत नाही. कुणाची बदली, नेमणूक तिच्या हातात नाही. बैठका, शिबिरं, एखाद्या प्रश्नावर एकत्रित निवेदन, एवढंच.

माझ्या मते खरी देवाणघेवाण मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनाविधी संपल्यावर, चर्चच्या आवारात होते. तीन रंगांच्या साड्यांतल्या सिस्टर चहाचे कप धरून उभ्या, आणि विषय एकच: तुमच्या हॉस्टेलवर जागा आहे का?