आमच्याकडे ‘सर्व्हंट’ होती का?

प्रिय बाळा,

आजीच्या जुन्या अल्बममध्ये भांडी घासणाऱ्या मावशींचा फोटो पाहून तू विचारलेस, ‘आई, तुमच्याकडे सर्व्हंट होती? म्हणजे तुम्ही खूप श्रीमंत होता?’ मी हसून विषय बदलला, पण तो शब्द मला लागला.

तू वाचतेस त्या गोष्टींमधले सर्व्हंट गणवेश घालतात, मालकाच्या हवेलीतच राहतात आणि घंटा वाजली की हजर होतात. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मावशी सकाळी येत आणि धुणे-भांडी, केर-फरशी आटोपून पुढच्या घरी जात. आजोबांसारख्या कारकुनाच्या घरीही कामाला बाई असे, कारण तिला द्यावा लागणारा पगार कारकुनालाही परवडावा इतका कमी होता.

इंग्रजी शब्द आमच्याकडे नव्हताच, असे मात्र नाही. मोठ्या फ्लॅटच्या नकाशात आजही ‘सर्व्हंट रूम’ दाखवलेली असते. तुझी मोठी आत्या मराठीत ‘आमच्या बाई’ म्हणे आणि इंग्रजीत त्यांचीच ‘सर्व्हंट’ करी. तिची सून आता ‘मेड’ म्हणते; तो शब्द मुळात अविवाहित मुलीसाठी होता, आणि आमच्या मावशींना तर नातवंडे होती!

त्यांना एकेरी हाक मारलेली आजीला खपत नसे, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. पण त्यांचा चहाचा कप वेगळा होता, मोरीजवळच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला, आणि माझी सख्खी मावशी आली की तिला त्या कपात चहा कोणी दिला नसता. शिवाय ज्या घराने नाते जोडले आहे, त्या घरी पगारवाढीची गोष्ट काढणे त्या बाईला किती जड जात असेल, याचा विचार आमच्यापैकी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

‘मोलकरीण’ हा शब्द आजीला तुसडा वाटे. तरी १९८० मध्ये पुण्यातल्या याच बायकांनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली, तेव्हा तिचे नाव ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ असेच ठेवले गेले. मोल घेऊन काम करणारी म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नसावा. पुढे २००८ च्या राज्याच्या कायद्याने ‘घरेलू कामगार’ असा शब्द वापरला. तो अचूक आहे, पण हाक मारायला अगदीच निरुपयोगी.

तू कोणता शब्द वापरावास, हे मी ठरवणार नाही. सुट्टीत आजीकडे जाशील, तेव्हा तिथे कामाला येणाऱ्या बाईंनाच विचार. आजी ‘मावशीच म्हण’ असे बजावेल. तिच्याशी त्यावरून वाद घालायचा की नाही, तेही तूच ठरव.

तुझी,
आई